दिवा मागच्या चाकाचा, गळती पुढच्या चाकात

ताईचं घर रत्नागिरीत मांडवीच्या बाजूला, समुद्रापासून चालत पाच मिनिटांवर. गाडी उघड्यावर उभी असते. पाच वर्षांची छोटी एसयूव्ही, वरचं मॉडेल, त्यामुळे मॅगव्हील, म्हणजे ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे रिम, आणि चारही चाकांत हवेचा दाब मोजणारे सेन्सर. रोज हातखंब्यापर्यंत कामाला जाणं-येणं, आणि महिन्यातून एकदा साखरप्यावरून आंबा घाट चढून कोल्हापूरला आमच्याकडे. मी कोल्हापुरात टायर, अलाइनमेंट आणि बॅलन्सिंगचंच काम करतो. म्हणून गाडीचं काहीही झालं की पहिला फोन मला.

नोव्हेंबरच्या मध्यावर असाच फोन आला. "अरे, तो पिवळा दिवा लागलाय. घोड्याच्या नालासारखा, मध्ये उद्गारचिन्ह. आणि पडद्यावर मागचं डावं चाक लाल दिसतंय, २६." मी म्हटलं, पंपावर जा, चारही चाकांत ३३ भर. तिने भरली. थोडं अंतर गेल्यावर दिवा विझला आणि विषय संपला.

बारा दिवसांनी दिवा परत लागला. तेच मागचं डावं, तेच २६.

हे प्रकरण मी सविस्तर लिहितोय, कारण यात पाच जणांनी पाच सल्ले दिले, त्यातला एक माझा होता, आणि पाचही चुकले. दिवा मात्र पहिल्या दिवसापासून खरं बोलत होता.

पहिला सल्ला होता थंडीचा. "डिसेंबर आला, हवा आकसते, दुर्लक्ष करा." यात निम्मं सत्य आहे, म्हणूनच तो लोकांना पटतो. तापमान साधारण साडेपाच अंशांनी उतरलं की गाडीच्या टायरमधला दाब सुमारे १ पीएसआय उतरतो (पीएसआय हे दाबाचं माप, वरचे २६ आणि ३३ त्यातलेच). रत्नागिरीत दुपारी ३२ अंशांना ३३ भरलेली हवा कोल्हापुरात पहाटे १५ अंशांना मोजली तर अडीच-पावणेतीन पीएसआयने कमी दिसणारच. पण कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर आहे. तिथे बाहेरच्या हवेचाच दाब जवळजवळ १ पीएसआयने कमी असतो, आणि आपलं गेज आतल्या नि बाहेरच्या दाबातला फरक मोजतं, म्हणून घाट चढल्यावर गेजवर तेवढी वाढ दिसते. म्हणजे वजाबाकी-बेरीज करून उरतात ३१ च्या आसपास. २६ नाही. आणि मुख्य म्हणजे थंडी चाकं निवडत नाही. उतरेल तर चारही चाकांत सारखंच उतरेल. एकच चाक लाल होत असेल तर कारण त्या चाकात शोधायचं, हवामानात नाही.

दुसरा सल्ला तिथल्या पंक्चरवाल्याचा. त्याने मागचं डावं चाक काढलं, गेज लावलं, ३२ निघाले. टाकीत बुडवून फिरवलं, बुडबुडा नाही. तरी त्याने व्हॉल्व्हची पिन बदलून दिली आणि म्हणाला, "चाक एकदम ओके आहे ताई, सेन्सर खोटं दाखवतोय." तिने मला फोन केला. पडदा २६ म्हणतो, गेज ३२ म्हणतं, पाण्यात गळती नाही, हे सगळं ऐकून मीही तेच म्हणालो: सेन्सर गेलेला दिसतोय. तिसरा सल्ला तो माझा.

खरं तर उत्तर त्याच क्षणी आमच्या हातात आलं होतं. पडद्यावर ज्या चाकाचा दाब २६ आहे त्याच चाकात गेज ३२ दाखवतंय, याचे अर्थ दोन होतात. एक, सेन्सर चुकीचं मोजतोय. दोन, सेन्सर बरोबर मोजतोय, पण तो या चाकात नाहीच. दुसरा अर्थ आम्हा दोघांच्याही मनात आला नाही.

चौथा सल्ला एका वर्कशॉपमधला. सेन्सरची बॅटरी संपली, नवा सेन्सर बसवा, काही हजार होतील. ताईने ते थांबवून मला विचारलं आणि तिथे मी पहिल्यांदा नीट विचार केला. या सेन्सरच्या आत छोटी सीलबंद बॅटरी असते, साधारण पाच ते दहा वर्षं टिकते, आणि ती बदलता येत नाही, संपली की आख्खा सेन्सर बदलावा लागतो. पाच वर्षांच्या गाडीत ती संपणं अशक्य नाही. पण संपताना तिची खूण वेगळी असते. गाडी चालू केल्यावर दिवा आधी मिनिटभर लुकलुकतो आणि मग स्थिर राहतो, कारण गाडीला त्या चाकाकडून संदेशच मिळत नसतो. पडद्यावर आकड्याऐवजी रेघा येतात. लुकलुकणं म्हणजे यंत्रणेत बिघाड, सुरुवातीपासून स्थिर दिवा म्हणजे हवा कमी. हा फरक गाडीसोबतच्या पुस्तिकेत छापलेला असतो आणि तो बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. मी ताईला विचारलं, दिवा लुकलुकतो का? "नाही, लागला की लागलेलाच." आणि आकडा? "आकडा रोज थोडा थोडा उतरतो." मरत चाललेला सेन्सर रोज शिस्तीत अर्धा-पाऊण पीएसआय उतरत नाही. तो सेन्सर जिवंत होता आणि आपलं काम करत होता.

पाचवा सल्ला दाजींच्या मित्राचा: टायरमध्ये पंक्चर जेली टाका, सगळी भोकं बुजतील. हे मात्र मी फोनवरच ठाम अडवलं. गळती कुठे आहे ते कळायच्या आधी जेली टाकली की ती चिकट होऊन सगळीकडे पसरते, सेन्सरचं बारीक छिद्र बुजवू शकते, आणि गळती रिमच्या कडेला असेल तर तिथे तिचा उपयोग होईलच असं नाही. वर पुढे टायर उघडणाऱ्याला ते सगळं खरवडावं लागतं.

वहीचं पान

डिसेंबरच्या मध्यावर दिवा तिसऱ्यांदा लागला तेव्हा मी ताईला एक साधं डिजिटल गेज घ्यायला सांगितलं आणि एक वही. रोज सकाळी, गाडी हलवायच्या आधी, चारही चाकं मोजायची आणि लिहायची. संध्याकाळी आल्यावर नाही, सकाळीच. गाडी पळाली की टायर तापतो आणि दाब दोन-चार पीएसआयने चढतो. गाड्यांच्या दारावरच्या पट्टीवर दिलेला आकडा थंड टायरचा असतो, किमान तीन तास उभ्या असलेल्या गाडीचा. (टायरच्या अंगावर छापलेला ४४ किंवा ५१ हा आकडा टायर सहन करू शकेल त्या कमाल दाबाचा आहे. तो बघून हवा भरणारी माणसं मी दर आठवड्याला पाहतो.) आणि मधल्या दिवसांत हवा अजिबात भरायची नाही, दर वेळी चारही चाकांत भरल्यामुळेच पुरावा पुसला जात होता.

पंपावरच्या यंत्राचं इथे सांगायला हवं. आपल्याकडे पंपावरचा मुलगा ३३ किंवा ३५ लावतो, नळी जोडतो, टुंग वाजलं की पुढचं चाक. नळी जोडल्याबरोबर यंत्रावर आधीचा दाब दोन सेकंद दिसतो. तो आकडा खरा मोलाचा आहे, आणि तोच कुणी बघत नाही. पावसाळ्यात ताई दर पंधरवड्याला हवा भरत होती. त्या वेळीही एखादं चाक गळत असेल तर ते दिसायला काही मार्गच नव्हता.

पहिल्या दिवशी चारही ३३. चौथ्या दिवशी तीन चाकं ३३, एक ३१. सातव्या दिवशी तीन चाकं पावणेतेहतीस ते तेहतीस, एक २९. ताईने सातव्या सकाळी फोन केला आणि म्हणाली, "काहीतरी गोंधळ आहे. गेजवर पुढचं डावं उतरतंय, मागचं डावं जसंच्या तसं आहे. आणि ऑफिसला पोचल्यावर पडद्यावर बघते तर पुढचं डावं ३५ आणि मागचं डावं ३१."

मी दुकानात उभा होतो. समोर एक गाडी जॅकवर होती, तिची चाकं मागची पुढे आणि पुढची मागे चालली होती. मग माझ्या लक्षात आलं.

ताईच्या गाडीचं रोटेशन दिवाळीत झालं होतं. आमच्याच दुकानात. पुढची डावी मागे, मागची डावी पुढे, उजवीकडेही तसंच. प्रत्येक सेन्सरला स्वतःचा क्रमांक असतो आणि गाडीच्या संगणकात कुठला क्रमांक कुठल्या जागी आहे ते लिहून ठेवलेलं असतं. काही गाड्या चालवता चालवता नवी जागा आपोआप ओळखतात, काहींना यंत्राने शिकवावं लागतं. ताईची गाडी दुसऱ्या प्रकारातली आहे आणि ते शिकवायचं आमच्याकडून राहिलं होतं. मागून पुढे आलेलं चाक गळत होतं, सेन्सर इमानाने ओरडत होता, आणि गाडी त्याचा आवाज जुन्या पत्त्यावरून ऐकवत होती. पंक्चरवाल्याने धुंडाळलेलं चाक खरंच निर्दोष होतं. त्याच्यावर आळ घ्यायला जागा नाही. चूक माझ्या दुकानातली.

मला सगळ्यात जास्त लागलं ते हे, की त्या सहा आठवड्यांत ती दोनदा आंबा घाट चढली-उतरली होती. घाट उतरताना भार पुढच्या चाकांवर येतो, आणि वळणावर बाहेरच्या बाजूच्या पुढच्या चाकावर सर्वांत जास्त. हवा कमी असलेल्या टायरची बगल प्रत्येक फेरीला जास्त वाकते, जास्त तापते, आणि रबर नि आतले धागे सुटायला लागतात. टायर फुटतो तो बहुतेक वेळा असा, हळूहळू शिजून. आणि आम्ही सगळे तिला सांगत होतो, मागचं चाक आहे, सेन्सर खोटा आहे, बिनधास्त ये.

हा दिवा गाड्यांत आला तो अशाच मृत्यूंमुळे. अमेरिकेत फोर्ड एक्स्प्लोररवर बसवलेल्या फायरस्टोन टायरांचे पट्टे सुटून गाड्या उलटल्या, तिथल्या रस्ते सुरक्षा खात्याने २७१ मृत्यू त्याच्याशी जोडले. २००० साली तिथे ट्रेड नावाचा कायदा झाला, आणि १ सप्टेंबर २००७ पासून तिथल्या प्रत्येक नव्या हलक्या गाडीत दाब ठरलेल्यापेक्षा २५ टक्के उतरला की दिवा लागणं सक्तीचं झालं. युरोपात नोव्हेंबर २०१४ पासून सगळ्या नव्या मोटारींना ते लागू झालं. आपल्याकडे २०२० च्या नियमाने साडेतीन टनांपर्यंतच्या गाडीत ट्यूबलेस टायर, अशी यंत्रणा आणि पंक्चर काढायचं किट असेल तर स्टेपनी न देण्याची मुभा मिळाली. म्हणजे स्टेपनीचा भरवसा या दिव्यावर टाकला गेला. त्या दिव्याची वायर काढून टाका म्हणणाऱ्यांना हे ठाऊक नसतं.

टाकीत

नाताळच्या सुट्टीत ताई कोल्हापूरला आली. निघण्याआधी पुढच्या डाव्या चाकात ३३ भरून घेतले, थांबून दोनदा मोजायला सांगितलं. इथे आल्यावर पहिली खात्री करून घेतली: पुढच्या डाव्यातून मुद्दाम ५ पीएसआय सोडले आणि गाडी दहा मिनिटं फिरवून आणली. पडद्यावर मागचं डावं पाचने उतरलं. आता संशय उरला नाही.

मग गळतीचं गणित. दिवसाला ०.६ पीएसआय हे ऐकायला नगण्य वाटतं. या मापाच्या टायरमध्ये अंदाजे ३५ लिटर जागा असते. हिशेब केला तर दिवसाला जवळजवळ दीड लिटर हवा बाहेर पडते, मिनिटाला एक मिलीलिटर. चार मिलिमीटरचा बुडबुडा धरला तर दर दोन सेकंदांना एक. एवढी गळती असलेलं चाक पाण्यात बुडवलं आणि बुडबुडा दिसला नाही, तर चाकच वेगळं आहे किंवा बघणारा चुकीच्या बाजूला बघतोय. हे गणित मी पंक्चरवाल्याचं बोलणं ऐकलं त्याच दिवशी करायला हवं होतं. आता वहीत रोजचा आकडा होता म्हणून ते करता आलं.

चाक काढलं, टाकीत आडवं ठेवलं, आतली बाजू वर. फिरवलं नाही. पाण्यात चाक घातलं की रिमच्या खाचांत, बॅलन्सिंगच्या वजनांखाली अडकलेली हवा दोन-तीन मिनिटं वर येत राहते. ती संपेपर्यंत हात लावायचा नसतो. आधी नक्षीवर बघितलं, खिळा-तार काही नाही. व्हॉल्व्ह स्वच्छ. साबणाचं पाणी बाहेरच्या कडेवर मारून आधीच पाहिलं होतं, तिथेही काही नव्हतं. पाचव्या मिनिटाला आतल्या कडेला, टायर आणि रिम जिथे भेटतात तिथे, सोड्यासारखे बारीक बुडबुडे एका ओळीत सुटताना दिसले. बोटभर लांबीत.

टायर उतरवला. उतरवताना व्हॉल्व्हची जागा यंत्राच्या दाबपट्टीपासून लांब ठेवायची, नाहीतर सेन्सर तुटतो. रिमच्या आतल्या कडेवर, टायर बसतो त्या पट्टीवर, साधारण दहा-बारा सेंटिमीटर भागात वरचा थर पापुद्र्यासारखा सुटला होता आणि खाली पांढरी भुकटी. ॲल्युमिनियमचा गंज. लोखंडाचा गंज तांबडा असतो म्हणून तो सगळ्यांना दिसतो; हा पांढरा असतो आणि टायरच्या आड लपलेला. रत्नागिरीची खारी हवा, चार महिन्यांचा पाऊस, आणि कधीतरी खड्ड्यात आदळताना वरच्या थराला गेलेली बारीक चीर, एवढं त्याला पुरतं. भुकटी फुगते, टायरची कड केसाइतकी उचलली जाते, हवेला वाट होते. किनाऱ्यावरच्या गाड्यांत हे मी अनेकदा पाहिलंय, देवगड-मालवणहून येणाऱ्यांतही. पंक्चर नाही तरी हवा उतरते म्हणणारा कोकणातला गाडीवाला आला की मी आता आधी आतली कड बघतो.

दुरुस्ती साधीच. सुटलेला थर तारेच्या ब्रशने काढला, बारीक पॉलिश पेपरने कडा सपाट केल्या, टायरच्या कडेला चिकटलेली भुकटी पुसली, टायरची कड रिमवर हवाबंद बसवणाऱ्या बीड सीलरचा पातळ हात दिला. जाड थर देऊ नये, टायर नीट बसत नाही. रिम यंत्रावर फिरवून वाकलाय का तेही पाहिलं, सरळ होता. टायर उघडलाच होता म्हणून व्हॉल्व्हचं रबर, वॉशर आणि नट नवीन टाकले. मागच्या डाव्या चाकाची पिनही बदलली: पंक्चरवाल्याने साधी पितळी पिन घातली होती, आणि ॲल्युमिनियमच्या व्हॉल्व्हमध्ये पितळी पिन खाऱ्या हवेत जाम होते, पुढे काढताना व्हॉल्व्ह तुटतो. तिथे निकेलचा मुलामा असलेलीच पिन लागते. टोपण म्हणून लावलेली चमकदार धातूची झाकणं काढून प्लास्टिकची लावली, कारण तेच.

हवा भरून चाक पंधरा मिनिटं पाण्यात ठेवलं. शांत. बॅलन्सिंग केलं, चढवलं, आणि शेवटी यंत्र लावून चारही सेन्सरना त्यांच्या नव्या जागा शिकवल्या. पुन्हा एकदा पुढच्या डाव्यातून थोडी हवा सोडून पाहिली, आणि पडद्यावर पुढचंच डावं उतरलं. स्टेपनीही बाहेर काढली. तिच्यात सेन्सर नाही, त्यामुळे तिच्याबद्दल दिवा कधीच बोलणार नव्हता. तिच्यात १४ पीएसआय निघाले.

ज्यांच्या गाडीच्या पडद्यावर चाकागणिक आकडे येत नाहीत, नुसता दिवाच लागतो, त्यांच्याकडे बऱ्याचदा दुसरी पद्धत असते. चाकात सेन्सर नसतो. हवा कमी झालेलं चाक किंचित लहान होऊन इतरांपेक्षा जलद फिरतं, हे एबीएसच्या (ब्रेक लावताना चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) सेन्सरवरून ओळखलं जातं. तिथे हवा भरल्यावर किंवा चाकं अदलाबदल केल्यावर रीसेटचं बटण दाबावं लागतं. ते आधी हवा बरोबर करून मगच दाबायचं. कमी हवेवर रीसेट केलं तर गाडी त्या कमी हवेलाच बरोबर समजून बसते आणि दिवा गप्प राहतो. शिवाय चारही चाकं सारखीच उतरली तर ही पद्धत सहज फसते. गेज दोन्ही प्रकारच्या गाड्यांना लागतंच.

आमच्या दुकानात रोटेशनच्या जॉबकार्डावर आता एक ओळ वाढली आहे: सेन्सरच्या जागा शिकवल्या का, आणि समोर हवा सोडून पाहिली का. दोन्हीवर सही झाल्याशिवाय गाडी बाहेर जात नाही.

ताईची वही चालू आहे, आता रोज नाही, दर रविवारी. फेब्रुवारीअखेरपर्यंत पुढचं डावं ३३ वरून ३२ वर आलंय, बाकीच्या दोघांच्या बरोबरीने. महिन्याला १ पीएसआयपर्यंत उतरणं रबराचा स्वभावच आहे. मागचं उजवं मात्र त्याच काळात ३० वर गेलंय. तीही मॅगव्हीलच, तिनेही तेवढेच पावसाळे काढलेत. पुढच्या खेपेला ती आली की ते चाक उघडायचं ठरलंय.